डोक्यावर साडेतीन लाखांचं कर्ज असताना दहा हजारांच्या तक्रारीसाठी बँकेच्या मागे लागावं का?

लागा. सोडू नका. कारणं सांगते, पण आधी इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात: एटीएममधून १०,००० काढायला गेलात, मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत, पैसे मात्र खात्यातून वजा झाले. त्याला आठ महिने झाले. शाखेत गेलं की ‘हेड ऑफिसला कळवलंय’, फोन केला की ‘ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल दिसतंय’. त्या पैशांच्या भरवशावर असलेला पर्सनल लोनचा हप्ता बाऊन्स झाला, दंड लागला. सगळं मिळून साडेतीन लाखांचं देणं आहे, सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, आणि एवढ्या कर्जापुढे दहा हजारांसाठी कशाला जीव आटवायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशकात डबे देते. मिस्टरांच्या आजारपणात सोनेतारण, पर्सनल लोन, बचत गट, भिशी असं जिथून मिळेल तिथून उचललं होतं, त्यामुळे तुमचं लिहिलेलं बरंचसं ओळखीचं वाटलं. माझी तक्रार वेगळी होती. गाडीचं कर्ज पूर्ण फिटलं, एनओसी हातात आली, तरी बँकेने हप्त्याचा नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापून घ्यायची दिलेली परवानगी, बंद केला नाही. दर महिन्याला ठरल्या तारखेला हप्ता ओढायला यायचाच. खात्यात पैसे असले की जायचे, नसले की बाऊन्स, आणि पासबुकात नवी ओळ: ५९०. त्यात ५०० दंडाचे आणि ९० जीएसटीचे. फिटलेल्या कर्जाचा हप्ता चुकला म्हणून दंड! वर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, मी थकबाकीदार.

शाखेतल्या साहेबांना हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरमध्ये माझं दुसरं कर्ज उघडलं आणि म्हणाले, “मॅडम, आधी याचे हप्ते वेळेवर भरा ना.” मी गप्प बसले. घरी येईपर्यंत मलाच वाटायला लागलं होतं की आपणच थकलेले, आपण कुठल्या तोंडाने मागायचं? तुमच्या प्रश्नातही मला तेच दिसतंय. दहा हजार ही रक्कम साडेतीन लाखांपुढे लहान वाटते हे खरं, पण तक्रार सोडावीशी वाटते ती मुख्यतः या शरमेमुळे. कर्ज हे तुमचं देणं आहे, हे दहा हजार तुमचं येणं आहे. देणं असलं म्हणून येणं बुडत नाही. व्यापारी माणूस हे दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहितो आणि त्याला त्यात काही वाटत नाही. आपण नोकरदार, छोटे धंदेवाले, आपल्यालाच लाज वाटते.

आणि मुळात तुमचं येणं दहाच हजार आहे का, तेही बघा. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले, तर व्यवहाराचा दिवस अधिक पाच दिवस, एवढ्यात बँकेने ते स्वतःहून परत जमा करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये ग्राहकाच्या खात्यात. यासाठी ग्राहकाने तक्रार करण्याचीही वाट बघायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आठ महिने म्हणजे साधारण २४० दिवस. त्यातून पाच वजा केले तर २३,५०० रुपये होतात, मूळ रकमेच्या दुपटीहून जास्त. अर्थात आधी व्यवहार फसला होता हे सिद्ध व्हावं लागेल, बँक ‘सक्सेसफुल’ला चिकटून राहणारच. पण हे तुम्ही म्हणता तसं नुसतं दहा हजारांचं प्रकरण उरलेलं नाही.

आता काय करायचं ते. पहिली गोष्ट, शाखेच्या फेऱ्या बंद. तोंडी तक्रारीला बँकेच्या लेखी किंमत नाही, आणि प्रत्येक फेरीत आपलं मन आणखी खचतं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकत बाकावर बसायचं, मग सगळी कहाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची, यात दिवस जातो आणि हाती कागद येत नाही. त्याऐवजी एक पानी अर्ज लिहा. मराठीत चालतो. कार्ड ज्या बँकेचं, तिच्याकडेच. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी. तारीख, वेळ, मशीन कुठलं, रक्कम, एसएमएस किंवा स्लिपवरचा व्यवहार क्रमांक. मागणी स्वच्छ शब्दांत: १०,००० परत, उशिराची भरपाई दिवसाला १०० प्रमाणे, आणि त्यामुळे बसलेला बाऊन्सचा दंड. बँक ‘सक्सेसफुल’ म्हणत असेल तर पुरावा मागा: मशीनचा ईजे लॉग (मशीनने स्वतः केलेली प्रत्येक व्यवहाराची नोंद), त्या दिवशीच्या कॅश ताळ्याचा अहवाल, सीसीटीव्ही फूटेज. मशीनमध्ये कॅश जास्त निघाली असेल तर ताळ्यात ती दिसते. फूटेज कायम ठेवत नाहीत, आठ महिन्यांचं मिळेलच असं नाही, पण पूर्वीच्या फोनवरच्या तक्रारींचे क्रमांक असतील तर तेही लिहा, म्हणजे वेळेत कळवूनही जपून का ठेवलं नाही, हा प्रश्न बँकेवर येतो. रागाचं एकही वाक्य नको. माझ्या पहिल्या कच्च्या अर्जात मिस्टरांचं ऑपरेशन, मुलीची फी, सगळं होतं. भाचीने वाचला आणि लाल पेनाने फक्त आकडे आणि तारखा ठेवल्या.

दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर पोच घ्या: शाखेचा गोल शिक्का, तारीख, सही. काउंटरवरची मुलगी म्हणेल, ‘पोच देत नाही, मेल करा.’ मग मेलही करा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद काढून ठेवा. बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिकडेही एक प्रत. ही तारीख महत्त्वाची, कारण इथून ३० दिवस मोजायचे.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. १२ नोव्हेंबर २०२१ पासून एकच एकत्रित योजना आहे, कुठल्या विभागाचा लोकपाल वगैरे शोधत बसावं लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर अर्ज भरायचा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अर्जाबरोबर बँकेला दिलेल्या पत्राची पोच जोडायची. ती नसली, म्हणजे आधी बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात, तर अर्ज ‘ग्राह्य नाही’ म्हणून परत येतो. तोंडी फेऱ्या मारलेल्यांचं नेमकं इथेच अडतं. मुदतीबद्दल एवढंच सांगते की भरपूर वेळ आहे असं धरून बसू नका, नियम बदलत असतात. ३० दिवस भरले की त्याच आठवड्यात टाका.

एक आतली गोष्ट. मोठ्या बँकांमध्ये बँकेनेच नेमलेला अंतर्गत लोकपाल असतो. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल तर अंतिम उत्तर देण्याआधी ती त्याच्याकडे जायला हवी. ‘तुमची तक्रार फेटाळण्यात येत आहे’ असं दोन ओळींचं उत्तर आलं तर उलट टपाली एवढंच विचारा: ही अंतर्गत लोकपालांनी पाहिली का? माझ्या बाबतीत या एका ओळीनंतर बँकेची भाषा बदलली. पुढे लोकपालाच्या कार्यालयातून विचारणा गेल्यावर नॅच बंद झाला, ओढलेले हप्ते आणि सगळे ५९० परत आले. सिबिल मात्र लगेच सुधारलं नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. तुमच्याही रिपोर्टमध्ये त्या बाऊन्सचा डाग असेल, तो बघून घ्या. त्याची तक्रारही ३० दिवसांत निकाली निघायला हवी आणि पुढच्या उशिराला दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

(कुणाचा वाद पतसंस्थेशी असेल तर हे लागू नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जावं लागतं.)

आता कर्जाचं. तक्रार चालू आहे म्हणून रागाने हप्ते थांबवू नका. ९० दिवस थकलं की खातं एनपीएत (थकीत कर्जांच्या यादीत) जातं आणि मग बोलायला जागा कमी उरते. झेपत नसेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज द्या, तोही लेखी, त्याचीही पोच. कर्ज त्याच बँकेत थकलं असेल तर परत आलेले पैसे ती परस्पर वळते करून घेईल कदाचित, पण तेवढं देणं तरी कमी होतं. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येता कामा नयेत, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. वेळ दिसेल असा कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा, हीसुद्धा वेगळी तक्रार होते. ‘उद्या पोलीस येतील’ ही धमकी नेहमीची. नुसतं कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: दिलेला चेक किंवा नॅच वटला नाही आणि त्याबद्दल रीतसर कायदेशीर नोटीस आली, तर ती कपाटात टाकू नका. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला होऊ शकतो. अशी नोटीस आली की जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बायका, अनुसूचित जाती-जमाती आणि ठराविक उत्पन्नाच्या आतले यांना तिथे वकील फुकट मिळतो.

आणि मनाचं. हे शेवटी लिहिते म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. मी ती फाइल गुरुवारी दुपारीच उघडायची, डबे गेल्यावर, तासभर. काय आलं, काय पाठवायचं, पुढची तारीख कुठली, कॅलेंडरवर खूण, आणि फाइल परत कपाटावर. मधल्या दिवसांत बँकेचा मेल आला तरी गुरुवारपर्यंत वाचायचा नाही असं ठरवलं होतं. सगळ्या वेळी पाळलं गेलं असं नाही, पण रात्री दोन वाजता फोनवर पोर्टलचं स्टेटस बघणं सुटलं. झोप लागायला लागली आणि मग बाकीचं जमायला लागलं. तुम्हाला तासभरही जड जात असेल तर अर्ज लिहायचं काम दुसऱ्या कुणाला सांगा. भाचा, शेजारची कॉलेजातली पोर, कुणीही. सही तुमची असली म्हणजे झालं. शिवाय त्या निमित्ताने घरातल्या एका तरी माणसाला कर्जाचा खरा आकडा कळतो. मी बहिणीला सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “एवढंच ना?” तिच्यापेक्षा जास्त मी घाबरले होते त्या आकड्याला.

तुम्ही लिहिलंय, ‘उठावंसं वाटत नाही’. हे दोन-चार दिवसांचं असेल तर वेगळं, पण आठवडेच्या आठवडे असंच चाललं असेल, भूक-झोप गेली असेल, तर डॉक्टरला दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि सरळ विचारते, राग मानू नका: जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल तर अर्ज, लोकपाल सगळं बाजूला ठेवा, आज आत्ता तो फोन लावा आणि घरच्या कुणाला तरी शेजारी बसवून घ्या. बँकेचं काम पुढच्या आठवड्यात केलं तरी चालतं.

अर्जाच्या मजकुरात कुठे अडलं तर खाली लिहा, जमेल तसं बघून सांगेन. खाते क्रमांक, कार्ड नंबर, मोबाइल नंबर मात्र इथे टाकू नका. अशा प्रश्नांखाली ‘बँकेच्या कस्टमर केअरमधून बोलतोय, लिंकवर क्लिक करा’ म्हणणारे हटकून येतात. त्यांना उत्तरच देऊ नका.