चाळीस यार्डांच्या वेळेवर भाळू नकोस

अरे, एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे) रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलून पळणारे खेळाडू, जोखायचे तर घड्याळ जरा बाजूला ठेव. 2017 च्या कम्बाइनमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीआधीच्या चाचणीत) जॉन रॉस 40 यार्ड 4.22 सेकंदांत पळाला, तेव्हाचा विक्रम! बेंगल्स संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत नवव्या क्रमांकावर उचलला. पहिल्या मोसमात एकही झेल नाही (दुखापती होत्याच म्हणा). त्याच वर्षी 4.62 वाला कूपर कप निवडीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत पडून राहिला. 2021 मध्ये पठ्ठ्याने 145 झेल आणि 1,947 यार्ड काढले.

या कूपर कपचे सामने लावून फक्त पाय बघ. वळण्याआधी ब्रेक कसा लावतो, बचावपटूला कुठल्या खांद्यावरून चकवतो. कम्बाइनला अंगावर पॅड नसतात, कुणी आडवंही येत नाही. वेगच बघायचाय? मग चेंडू हातात आल्यावर मागचा माणूस जवळ येतोय की मागे पडतोय, ते बघ.