रात्रीत 20 टक्के बॅटरी उतरते, कोणता कस्टम कर्नल (अँड्रॉइडच्या हार्डवेअर चालवणाऱ्या गाभ्याची बदललेली आवृत्ती) टाकू?

भुसावळच्या मे महिन्यात फोन तापतोच, पण तुमची बॅटरी स्क्रीन बंद असताना उतरतेय. म्हणजे बहुधा एखादं अ‍ॅप वेकलॉक (फोन जागा ठेवणारी सूचना) धरून फोनला झोपू देत नाही. ते आधी पकडा. यावल-रावेरकडच्या मळ्यात रेंज कमी असेल तर नेटवर्क शोधणारा मोडेमच बॅटरी खातो, तिथं कर्नल काही करू शकत नाही.

कर्नल तुमच्याच मॉडेलचा, त्याच अँड्रॉइड आवृत्तीचा आणि तुमच्या रॉमला (फोनवर टाकलेल्या अँड्रॉइडला) चालणारा हवा. चुकला तर फोन लोगोवर अडकतो किंवा वायफाय जातं. म्हणून सध्याची बूट इमेज, म्हणजे कर्नल असलेली फाइल (नवा कर्नल डीटीबीओ ही हार्डवेअरची माहिती असलेली इमेजही बदलत असेल तर तीही) आधी लॅपटॉपवर ठेवा. अडकलं तर फास्टबूटने (लॅपटॉपवरून फोनमध्ये इमेज टाकायची सोय) तीच परत टाकायची.

गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी पद्धत) शेड्युटिलच ठेवा, तो कामाच्या भारानुसार वेग बदलतो. पॉवरसेव्ह हा गव्हर्नर अजिबात नको: प्रोसेसर किमान वेगावर अडकतो, काम लांबतं, स्क्रीन तेवढीच जास्त वेळ चालू राहते. प्रोसेसरच्या मोठ्या (वेगवान) कोअरचा कमाल वेग मात्र एक-दोन पायऱ्या उतरवा. वरच्या पायऱ्यांना व्होल्टेज जास्त लागतं आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. एका वेळी एकच बदल, दोन रात्री बघा. तोवर 'बूटवर लागू करा' (फोन सुरू होताच हे बदल आपोआप लावणारा पर्याय) बंदच ठेवा.