वाचक विचारतात: करंगळी दुखते, पायाने शिफ्ट दाबता येईल का?

प्रश्न: नमस्कार. मी नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये वकिलांचं मराठी टायपिंग करते, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, दिवसाला सहा-सात तास. तीन-चार महिन्यांपासून डाव्या हाताची करंगळी आणि मनगट दुखून राहिलं, शिफ्ट दाबून दाबूनच होते असं वाटते. पायाने दाबायचं पेडल मिळते म्हणे कॉम्प्युटरला लावायचं, ऑनलाइन पाहिलं तर पन्नास प्रकार दिसले, कोणतं घेऊ? घरी शिलाई मशीनचं पेडल पडलं आहे, ते चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, आधी शिलाई मशीनचं सांगते, ते अजिबात लावू नका. मोटरच्या पेडलमधून घरातली 230 व्होल्टची वीज जाते आणि ते मोटरचा वेग कमी-जास्त करायला असते, कॉम्प्युटरला त्याचा काही उपयोग नाही आणि धोका मात्र पूर्ण.

आता तुमची करंगळी. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ सगळे शिफ्टवर, वरून ण, ळ, श, ष आणि अ, आ, इ, ई सारखे सुटे स्वर पण शिफ्टवरच. तुमच्या कागदांमध्ये येणारं ‘आढळून आले’ घ्या, त्यात आ, ढ, ळ आणि परत आ, म्हणजे दोन शब्दांत चार वेळा शिफ्ट. इंग्रजी टाइप करणाऱ्याला वाक्याच्या सुरुवातीला एकदा लागते तेवढी, म्हणून इंग्रजीवाल्यांचा सल्ला तुम्हाला पुरत नाही आणि म्हणूनच पेडलचा फायदा तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त होईल असं मला मनापासून वाटते.

घेताना एकच गोष्ट पक्की बघा, पाय दाबून ठेवला तोवर शिफ्ट दाबलेली राहिली पाहिजे आणि पाय उचलला की सुटली पाहिजे. काही पेडल पाय ठेवला की बटण एकदाच पाठवून मोकळे होतात, आणि काही मशीनवाले फूटस्विच असे असतात की एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, हे दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत. दुकानातच नोटपॅड उघडून, इनस्क्रिप्ट लावून, पेडल दाबून ठेवा आणि के हे बटण तीनदा मारा. खखख आलं आणि पाय उचलून परत मारल्यावर क आलं तर घ्या, पाय दाबलेला असताना ककक आलं किंवा पाय उचलल्यावरही ख च आलं तर परत द्या. ऑनलाइन मागवलं तर पहिल्याच दिवशी हे करून बघा म्हणजे परत करायची मुदत जाणार नाही.

ऑडिओ ऐकून टायपिंग करणाऱ्यांचे तीन पेडलवाले सेट पण दिसतील, मागे-चालू-पुढे असे. ते घेऊ नका, त्यातले बरेच कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसतच नाहीत, त्यांना त्यांचं सॉफ्टवेअरच लागते. तुम्हाला एकच पेडल पुरे, यूएसबीचं, वायरवालं. ब्लूटूथवालं थोडा वेळ वापरलं नाही की झोपी जाते आणि पहिला दाब वाया जातो, म्हणजे ख च्या जागी क, आणि कोर्टाच्या कागदात ते चालत नाही. सेटिंग पेडलच्या स्वतःच्या मेमरीत राहते का ते विचारा, राहत असेल तर घरी एकदा शिफ्ट ठरवून घ्यायची आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरला नुसतं लावायचं, तिथे काही इन्स्टॉल करावं लागत नाही. विंडोजवर पेडलची शिफ्ट तुमच्या नेहमीच्या कीबोर्डला लागू होते. मॅकवर तशी होत नाही, त्याला काराबिनर नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागते.

पेडल बुटकं आणि जड घ्या. टाच जमिनीवर टेकलेली राहून नुसत्या चवड्याने दाबलं गेलं पाहिजे, पाय अधांतरी राहिला तर करंगळीचं दुखणं घोट्यात जाईल. आपल्याकडे गुळगुळीत फरशी, हलकं पेडल दुपारपर्यंत टेबलाच्या पार मागच्या भिंतीला जाऊन लागते, मला हे पहिल्या पेडलच्या वेळी फार नडलं. खाली रबरी पायपुसणं टाका. अनवाणी दाबून बघा आणि चपलेने पण.

विकत घ्यायच्या आधी फुकटात एक करून बघा, शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज स्टिकी कीज विचारते, ते चालू केलं की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, एकदा टिचकी मारून सोडायची आणि मग अक्षर. काहींचं तेवढ्यावर भागते. मात्र पेडल घेतलं की हा पाच वेळाचा शॉर्टकट सेटिंगमधून बंद करा, नाहीतर पाय सहज हलला तरी ती खिडकी मध्येच उघडेल.

घरी कोणी इलेक्ट्रॉनिक्स शिकणारं असेल तर सिंथेसायझरचं सस्टेन पेडल आणि प्रो मायक्रो नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक्स बोर्ड, एवढ्यात घरीच बनते, बर्डीवर (सीताबर्डीला) सामानाची चौकशी करा. बोर्ड 32यू4 चिपवालाच हवा, साधा ऊनो नावाचा बोर्ड आणला तर तो सरळ कीबोर्ड बनत नाही.

पहिला आठवडा चुका होतील, घाबरू नका. ‘खंडपीठ’ लिहून सराव करा. पाय उशिरा उचलला तर ‘खँडपीठ’ होते, ठ साठी घाईने आधीच दाबला तर ‘खंडपईठ’. चूक बघूनच कळते की पाय मागे राहिला की पुढे गेला. आणि करंगळीला मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर पेडलची वाट पाहू नका ताई, आधी हाडांच्या डॉक्टरला हात दाखवा.