तीन देशांतले कारखाने एकाच ईआरपीवर (खरेदी, उत्पादन, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीवर) आणायचे आहेत. एकदम की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्याने. १९९९ साली अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने सॅप या ईआरपीसह तीन नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या, त्याही हॅलोविनच्या, म्हणजे चॉकलेटच्या मोठ्या हंगामाच्या, ऑर्डरींच्या तोंडावर. माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुरवता आल्या नाहीत. पण मला खटकलं ते तुमचं पुढचं वाक्य : 'मुख्य कार्यालयाचं टेम्प्लेट (प्रणालीची तयार मांडणी) जसंच्या तसं लावायचं ठरलंय.' कोणी ठरवलं?

मी चाकणला एका जर्मन कंपनीच्या कारखान्यात पीपीसी, म्हणजे उत्पादनाचं नियोजन, बघायचो. युरोपातला एक कारखाना बंद करून तिथले पार्ट आमच्याकडे आणले आणि त्याच सुमारास सॅपही आलं. त्यांचं प्लेटिंग (पार्टवर धातूचा मुलामा) कारखान्यातच व्हायचं, म्हणून राउटिंगमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यांच्या यादीत, प्लेटिंग हे घरचं वर्क सेंटर आणि लीड टाइम, म्हणजे लागणारा वेळ, एक दिवस. आमचं प्लेटिंग भोसरीला, जॉब वर्कवर, म्हणजे बाहेरच्याकडून मजुरीवर करून घेतलेलं. माल चलनावर (सोबतच्या पाठवणीच्या कागदावर) जाणार, लॉट भरल्यावर प्लेटिंगच्या टाकीत पडणार, परत येऊन तपासणीत थांबणार. आठवडा सहज जातो. मी हे बैठकीत मांडलं. उत्तर आलं, टेम्प्लेट बदलणार नाही, तुमची पद्धत बदला. अहो, सॅपमध्ये याची सोय आहेच! सबकॉन्ट्रॅक्टिंगची पीओ (खरेदीची ऑर्डर) करायची, ५४१ या मालहालचालीच्या कोडने माल जॉब वर्करच्या नावावर टाकायचा. प्रोग्रॅमची एक ओळही लिहावी लागत नाही.

मग व्हायचं तेच झालं. सिस्टिममध्ये पार्ट शॉप फ्लोअरवर, प्रत्यक्षात भोसरीत. असेंब्लीच्या ऑर्डरी निघायच्या आणि लाइनवर पार्ट नसायचे. बघता बघता सगळं प्लॅनिंग पुन्हा एक्सेलवर आलं, ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून माल विमानाने पाठवावा लागला. वर ठपका काय, तर भारतातल्या टीमला शिस्त नाही. हे मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. लीड टाइम आमच्याकडे येऊन कोणी मोजलाच नव्हता. आणि चलन म्हणजे काही आमची सवय नव्हे. जीएसटीत जॉब वर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पुरवठा केल्यासारखा धरतात, म्हणजे कर लागतो; म्हणून चलनाची नोंद लागतेच.

म्हणून राउटिंग, लीड टाइम, स्क्रॅपची टक्केवारी प्रत्येक कारखान्यात जाऊन मोजा.

अर्थात स्थानिक टीमची प्रत्येक मागणी मान्य करू नका. पार्ट नंबर आणि बीओएमची (कोणत्या वस्तूत कोणते पार्ट किती, या यादीची) रचना सगळीकडे एकच हवी, नाहीतर तिन्हीकडचा साठा एकत्र दिसायचाच नाही. तुमची सगळी ऑपरेशन्स घरातच होत असतील, तर माझं निम्मं सांगणं तुम्हाला लागू नाही. पण एक जरी बाहेर जात असेल, तर टेम्प्लेटवर सही होण्याआधी ते बनवणाऱ्या टीमला जॉब वर्करच्या दारात नेऊन उभं करा.