ओगुलगेरेक या तुर्कमेन नावाची व्युत्पत्ती काय? त्यातला ‘गुल’ म्हणजे फूलच ना?

फूल नाही. ओ-गुल असं तोडू नका, ओगुल-गेरेक असं तोडा. ओगुल म्हणजे मुलगा, गेरेक म्हणजे हवा. ‘मुलगा हवा’, आणि नाव मुलीचं!

फुलाचा गुल फारसीतला, तुर्कमेन लिपीत त्याच्या स्वरावर दोन टिंबं असतात. गुरबानगुली या तुर्कमेन पुरुषी नावातला गुल आणखी तिसराच, म्हणजे दास. आपल्या गोवळकोंड्याच्या सुलतान कुली कुतुबशहातला ‘कुली’ तोच. घराणं मुळात काराकोयुनलू तुर्कमेनांचंच. नावांच्या वेबसाइटवाल्यांना सगळीकडे फुलंच दिसतात.

मी तुर्कमेनिस्तानातल्या मारी शहराजवळ कामाला होतो, तेव्हा कँपच्या मेसमध्ये याच नावाच्या एक बाई होत्या. चौथी मुलगी. अर्थ त्यांनीच हसत हसत सांगितला. त्यांच्यानंतर भाऊ झाला, त्यामुळे घरात त्यांचा मान मोठा होता म्हणे.

गावी आल्यावर एका लग्नात हे सांगितलं, तर आमचे साडू जिलबी मोडत म्हणाले, “गेरेक म्हणजे गरज. शब्द आपलाच गेलाय तिकडे.” अहो, गरज मुळात अरबी! गेरेक जुन्या तुर्कीतल्या ‘केर्गेक’वरून आलं. मंगोलियातल्या आठव्या शतकातल्या ओरखोन शिलालेखांत ते आहे, आणि तिथे ‘केर्गेक झाला’ म्हणजे वारला. कानाला सारखं लागलं की मूळ एक, असं मानणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तरी मी घातला.

वर हे म्हणाले, “पोरीला असलं नाव ठेवणारे लोक कसले!” आता माझी सख्खी आत्या नकुशा. पाटण तालुक्यातली. साडूंना ते चांगलं ठाऊक. 2011 साली साताऱ्यात अडीचशेहून जास्त नकुशांची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली, तेव्हा आत्या म्हणाली होती, “माझं आता कशाला बदलता, रेशनकार्डावर घोळ होईल.” तिकडची नावं निदान देवाकडे मागणं मांडतात. आमची तर पोरीलाच तोंडावर नको म्हणतात.

एक सांगायचं राहिलं. सगळीच ओगुल-नावं नवसाची नसतात. आजीचं नाव म्हणूनही पुढे चालतात. त्यामुळे त्या नावाची कुणी भेटली तर लगेच कीव करू नका. तुम्ही स्वतःच्या मुलीसाठी शोधत असाल तर मात्र सरळ गुल ठेवा, दोन टिंबांवाला.

आणि साडू, वाचत असाल तर कुठलाही व्युत्पत्तिकोश काढा. ‘ग’ फार लांब नाही.