क्रूझला जाताना प्रवास विमा कोणता घ्यावा? क्रूझ कंपनी तिकिटासोबत देते तोच घेतला तर चालेल का?

चालेल, पण मी तरी स्वतंत्र विमा घ्यायला सांगेन, आणि त्यात सगळ्यात आधी वैद्यकीय स्थलांतराची रक्कम बघा. मी प्रवास विम्याचे दावे तपासायचं काम करतो. मोठा फटका बसतो तो इथेच. जहाजावरचा दवाखाना लहान असतो. हृदयविकाराचा झटका आला तर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा पुढच्या बंदरावर उतरवून रुग्णालयात न्यावं लागतं, आणि हा खर्च सहज हजारो डॉलरमध्ये जातो. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरताना तुम्हालाच भरावं लागतं. म्हणून तपशीलवार बिल आणि डॉक्टरांचा अहवाल उतरण्याआधीच मागून घ्या, नंतर कागद मिळवताना फार दमछाक होते.

याशिवाय पॉलिसीत एवढं शोधा:
- विमान उशिरा पोहोचून जहाज चुकलं, तर पुढच्या बंदरापर्यंत जायचा खर्च (जहाज सहसा थांबत नाही)
- आजारपणामुळे केबिनमध्येच राहायला सांगितलं तर भरपाई
- क्रूझचा स्पष्ट उल्लेख. काही साध्या पॉलिसींमध्ये ती जादा पैसे भरून जोडावी लागते

क्रूझ कंपनीच्या विम्यात बऱ्याचदा वैद्यकीय मर्यादा कमी असते आणि तुम्ही वेगळं काढलेलं विमान तिकीट त्यात धरलेलं नसतं. मात्र रक्तदाब, मधुमेह असं काही आधीपासून असेल तर ते अर्जात लिहाच. लपवलेल्या आजारावरून दावा फेटाळला, तर कुठलीही पॉलिसी कामाला येत नाही.