घरात हात लावत नाही, पण कुणादेखत काय करता?

तुमचा प्रश्न: चार वर्षांचा मुलगा बालवाडीत पोरांना मारतो, घरात त्याला कुणी हातही लावत नाही, मग शिकला कुठून? मोबाईलवरच्या कार्टूनमुळं का?

त्याला लावत नाही, मान्य. त्याच्यादेखत दुसऱ्या कुणाला?

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. खाली टॉवेलचे आठ माग, वर घर. माझी एक खोड होती. सुताची तार तुटलेली असताना माग तसाच चालू दिसला की मी हातातला पाना मागाच्या लोखंडी चौकटीवर दोनदा आपटायचो. त्या खडखडाटात नुसतं ओरडून ऐकू जात नाही, हे माझं समर्थन. मग बोट रोखून म्हणायचो, "डोळे हायत का बटणं?"

मे महिन्यातली दुपार. वर जेवायला आलो तर पोरगी, तेव्हा पाच वर्षांची, कूलरसमोर बाहुल्या ओळीनं मांडून बसलेली. हातात आमटीचा डाव. कूलरच्या पत्र्यावर दोनदा ठण ठण. मग बोट रोखून एका चिंधीच्या बाहुलीला, "डोळे हायत का बटणं?" बाहुलीचे डोळे खरोखर बटणांचेच होते. मी, आई, सगळे खो खो हसलो. पोरीला चेव आला. तिनं बाहुलीच्या थोबाडात ठेवून दिली.

बायको हसली नाही. ती म्हणाली, "हे कुठं बघितलं तिनं, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. महिन्याभरापूर्वी मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या पोराला मी एक ठेवून दिली होती. एकदाच. पोरगी जिन्यात पेप्सीकोला चोखत उभी होती. तेवढं पुरलं.

तोवर मीही तुमच्यासारखाच कार्टूनला शिव्या घालत होतो. डिशचं रिचार्जसुद्धा थांबवलं होतं.

बायकोनं बी.एड.चं पुस्तक पुढ्यात टाकलं. अल्बर्ट बांडुरा, स्टॅनफर्ड विद्यापीठ, 1961. तीन ते सहा वर्षांची 72 पोरं. त्यातल्या काहींसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुल्याला बडवलं: वर बसून नाकावर ठोसे, लाकडी हातोडा, लाथा आणि तोंडानं ठरलेली वाक्यं. ही तऱ्हा मुद्दाम अशी निवडलेली, की पोरानं उचलली तर लगेच ओळखू यावी. मग पोरांना आधी थोडं चिडवलं आणि बाहुल्याच्या खोलीत नेलं. मार म्हणून कुणीही सांगितलं नाही. ज्यांनी मारहाण पाहिली होती, त्यातल्या अनेकांनी त्याच तऱ्हेनं बडवलं, वाक्यांसकट. डाव दोनदाच का आपटला, हे मला तिथं कळलं.

1963 मध्ये त्यांनी हेच फिल्मवर दाखवून पाहिलं, तरी पोरांनी उचललं. म्हणजे मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण आधी घर तपासा. आणि बालवाडीच्या बाईंना विचारा, मारताना तो बोलतो काय. शब्द कुणाचे आहेत ते तुम्हाला लगेच ओळखू येईल.

आता खरं दुखणं. माझा थोरला भाऊ. त्याचं म्हणणं, "धाक पाहिजे. अण्णांनी आपल्याला फोडून काढलं म्हणून माणसात आलो." कान पिळून वर उचलायचा, पोरगं चवड्यावर उभं राहीपर्यंत, ही दादाची पद्धत. पुतण्या घरात मान खाली घालून असतो. "बघ, कसा सरळ केलाय," हे मी दहा वर्षं ऐकतोय.

दादा, बांडुराचाच 1965 चा प्रयोग ऐक. त्यात फिल्मच्या शेवटी मारणाऱ्याला एका गटापुढं बक्षीस मिळालं, दुसऱ्या गटापुढं शिक्षा झाली, तिसऱ्यापुढं काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या पोरांनी नक्कल कमी केली. इथवर तू खूश. पण नंतर त्यांना सांगितलं, बघितलेलं करून दाखवा, चिकटचित्रं आणि सरबत देतो. तिन्ही गटांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. शिकली सगळीच होती, काही नुसती थांबली होती.

यंदाच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत एक बारकं पोरगं मध्ये घुसलं. पुतण्यानं त्याचा कान पिळून वर उचलला, चवड्यावर येईपर्यंत. मी दादाला सांगितलं तर म्हणाला, "अण्णांचं रक्त." रक्तात कान पिळायची रीत नसते रे.

हां, एक सांगायचं राहिलं. बाहुला मारण्यासाठीच असतो, त्यावरून खऱ्या पोराला मारण्याबद्दल किती बोलावं, असा आक्षेप या प्रयोगांवर आहे आणि तो मला पटतो. सगळ्याच पोरांनी नक्कलही केली नव्हती. चार वर्षांचं पोरगं बोलता येत नाही म्हणूनही हात उचलतं. फारच होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि तुमचा आवाज चढलाच, तर त्याच्यादेखतच माफी मागा. मी मागितली का? कांडीवाला पोरगा तोवर काम सोडून गेला होता. पाना मात्र आता मी खालीच, खिळ्याला टांगून ठेवतो. पोरगी अजून डाव आपटते, पण एकदाच.

हे उत्तर घरच्या ग्रुपवर टाकतोय. दादा वाचून गप्प बसेल. वहिनी मला वेगळा मेसेज करतील.